धनुर्वाताचें कोडें उलगडणारे डॉ. किटासाटो

मागील वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या शाळेंतील पांचवी व दहावी या इयत्तांच्या विद्यार्थ्यांस धनुर्वात व घटसर्प या दोन रोगांची प्रतिबंधक लस टोचण्यांत आली. त्या दिवशीं कांहीं पालकहि शाळेंत आले होते. त्यांपैकीं एका शेतकरी गृहस्थांनीं आम्हांस विचारिलें कीं, ही लस मोठ्या माणसांनींहि टोचून घ्यावी काय. आम्हीं हंसून उत्तर दिलें कीं, ही मुलांची लस आहे, आपल्यासारख्या थोरांस तिची गरज नाहीं. आमच्या त्या उत्तरांत जितका आत्मविश्वास होता, तितकेंच अज्ञानहि होतें.

भाद्रपद महिन्यांत त्याच गृहस्थांच्या पायास खुरप्याचें पातें लागलें. जखम ती केवढी, बोटाच्या पेऱ्याएवढी! त्यांनीं तिजवर हळद दाबली, चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशीं ते पुन्हां चिखलांत उतरले. जखमेचें तोंड मिटलें व तिचा सर्वांस विसर पडला. नवव्या दिवशीं सकाळीं भाकरीचा घास घ्यावयास गेले, तों त्यांचें तोंड उघडेना. सायंकाळपर्यंत मान ताठ झाली, पोट दगडासारखें कठीण झालें आणि थोडा आवाज होतांच सर्व शरीर धनुष्यासारखें मागें वांकूं लागलें. पांच आठवडे ते रुग्णालयाच्या अंधाऱ्या व निःशब्द खोलींत श्वासोच्छ्वासाच्या यंत्राच्या आधारानें पडून होते. ईश्वरकृपेनें ते वांचले. परंतु दोन दुभत्या म्हशी विकाव्या लागल्या आणि त्यांच्या मुलीची सहामाही परीक्षा बुडाली. आम्ही त्यांस भेटावयास गेलों, तेव्हां त्यांनीं आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. त्यामुळें आमचें मन अधिकच खिन्न झालें.

घरीं येऊन आम्हीं या रोगाविषयीं मिळेल तें वाचावयास घेतलें. त्या वाचनांत ज्या एका पुरुषाचें नांव पुन्हां पुन्हां समोर येऊं लागलें, त्याचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवीत आहों. ज्या अज्ञानानें आमच्याकडून चूक घडविली, तें दूर करण्याचा हाच मार्ग आम्हांस योग्य वाटतो.

शिबासाबुरो किटासाटो यांचा जन्म १८५३ सालच्या जानेवारी महिन्याच्या २९ व्या तारखेस, जपान देशाच्या क्यूशू नांवाच्या दक्षिणेकडील बेटावर, ओगुनी भागांतील किटासाटो याच नांवाच्या डोंगराळ खेड्यांत झाला. त्यांचे वडील गांवचे प्रमुख होते. आपल्याकडे पाटलास जो मान, तोच त्यांस होता. त्याच वर्षीं अमेरिकेचीं लढाऊ जहाजें जपानच्या किनाऱ्यास लागलीं आणि दोनशें वर्षांहून अधिक काळ परकीयांस जवळजवळ बंद असलेलें त्या देशाचें द्वार उघडण्यास आरंभ झाला. जुन्या जगाचा अस्त व नव्याचा उदय अशा संधिकालांत हा बालक वाढला.

लहानपणीं त्यांस सैनिक किंवा मुत्सद्दी व्हावें असें वाटे. वैद्यकीचा धंदा त्यांस मुळींच आवडत नसे. तथापि आईबापांच्या इच्छेस मान देऊन ते कुमामोतो येथील वैद्यक शाळेंत दाखल झाले. तेथें मान्सव्हेल्ट नांवाचे एक डच डॉक्टर शिकवीत असत. या गुरूंनीं आपल्या नाखूष शिष्यास एके दिवशीं सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं शरीराच्या एका तुकड्याची रचना दाखविली. डोळ्यांस न दिसणाऱ्या त्या सृष्टीनें किटासाटो यांचें मन असें जिंकलें कीं, तलवारीचें वेड तेथेंच संपलें. शिक्षकाचें एक कृत्य विद्यार्थ्याच्या आयुष्याची दिशा कशी बदलतें, याचें हें सुंदर उदाहरण आहे. आणि शिक्षकाच्या एका चुकीच्या शब्दाचाहि परिणाम तितकाच मोठा होऊं शकतो, हें आम्हीं स्वतः अनुभविलें आहे.

पुढें ते टोकियो येथील वैद्यक विद्यालयांत गेले. १८७८ सालीं, विद्यार्थी असतांनाच, त्यांनीं वैद्याच्या कर्तव्यावर एक निबंध लिहिला. रोग झाल्यावर औषध देणें हें वैद्यकाचें अर्धेंच कार्य होय. लोकांस रोग होऊंच न देणें हें त्याचें खरें ध्येय होय, असें त्यांनीं त्यांत प्रतिपादन केलें. पंचवीस वर्षांच्या तरुणानें मांडलेला हाच विचार त्यांच्या पुढील सर्व आयुष्याचा पाया ठरला. १८८३ सालीं ते पदवीधर झाले, तेव्हां त्यांचें वय तीस वर्षांचें होतें. आपल्या शाळेंतील जे विद्यार्थी एखादें वर्ष मागें पडल्यामुळें निराश होतात, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पदवी मिळाल्यावर त्यांनीं मोठ्या मिळकतीचा खासगी व्यवसाय न करितां सरकारच्या आरोग्यखात्यांत नोकरी धरली. त्या खात्यानें त्यांची हुशारी पाहून त्यांस पुढील अभ्यासासाठीं जर्मनीस पाठविलें.

१८८६ सालच्या आरंभीं ते बर्लिन शहरीं डॉ. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेंत रुजू झाले. कॉख यांचें नांव त्या वेळीं सर्व जगांत दुमदुमत होतें. १८८२ सालीं त्यांनीं क्षयाचा जंतु शोधून काढिला होता आणि १८८४ सालीं आपल्या कलकत्त्यास येऊन पटकीच्या जंतूची ओळख पटविली होती. अशा गुरूच्या हाताखालीं किटासाटो यांनीं सहा वर्षें काढलीं.

धनुर्वात हा रोग फार प्राचीन. ग्रीक वैद्यांनीं त्याचें वर्णन केलेलें आहे आणि आपल्या आयुर्वेदानें तर रोग्याच्या शरीराची कमान पाहून त्यास धनुर्वात हें अगदीं यथार्थ नांव दिलें. परंतु तो कशामुळें होतो, हें कोणासहि ठाऊक नव्हतें. कोणी म्हणत वात कोपला, कोणी म्हणत थंडी बाधली. १८८४ सालीं निकोलायर नांवाच्या जर्मन तरुणानें बागेंतील माती उंदरांच्या व सशांच्या कातडीखालीं घालून पाहिली. त्या प्राण्यांस धनुर्वात झाला आणि त्यांच्या जखमेंत काडीसारखे लांबट जंतु दिसले. पण हे जंतु एकटे कधींच सांपडत नसत. त्यांच्यासंगें दुसऱ्या जंतूंचा मेळा असे. त्यांस वेगळे काढून वाढविण्याचे सर्व प्रयत्न फसले. तेव्हां कित्येक विद्वानांनीं असा निर्णय देऊन टाकिला कीं, धनुर्वाताचा जंतु दुसऱ्यांच्या संगतीवांचून जगतच नाहीं.

किटासाटो यांस हा निर्णय पटला नाहीं. ते दिवसांमागून दिवस कांचेच्या नळ्या निरखीत बसले. त्यांस दोन गोष्टी आढळल्या. पहिली ही कीं, हा जंतु हवेस भितो. जेथें प्राणवायु पोहोंचतो तेथें तो वाढत नाहीं; नळींतील पोषक पदार्थाच्या तळाशीं, जेथें हवा जात नाहीं, तेथेंच तो वाढतो. दुसरी ही कीं, संकटकाळीं हा जंतु आपल्या एका टोंकास गोल बीज धारण करितो. त्या वेळीं तो ढोल वाजविण्याच्या टिपरीसारखा दिसतो. हें बीज अत्यंत चिवट असतें. उन्हानें तें मरत नाहीं, वाळल्यानें मरत नाहीं. मातींत तें वर्षानुवर्षें निजून राहतें.

या चिवटपणाचाच उपयोग करण्याची युक्ति त्यांस सुचली. जखमेंतील पुवांत अनेक जातींचे जंतु एकत्र वाढवून त्यांनीं तें मिश्रण ८० अंशांपर्यंत तापविलें व जवळजवळ तासभर तसेंच ठेविलें. इतर जंतु त्या उष्णतेनें मेले. धनुर्वाताचीं बीजें मात्र जिवंत राहिलीं. मग त्यांनीं एक चपटें कांचपात्र तयार करविलें, त्यांतील हवा काढून हायड्रोजन वायु भरला आणि त्यांत तीं बीजें पेरलीं. हायड्रोजन हा पेट घेणारा वायु. त्याच्याशीं काम करणें जोखमीचें. पण १८८९ सालीं त्या पात्रांत धनुर्वाताच्या जंतूचें शुद्ध पीक उगवलें. तेंच पीक उंदरांस टोंचतांच त्यांस धनुर्वात झाला. वर्षानुवर्षांचें कोडें उलगडलें. त्या जपानी परदेशी विद्यार्थ्यानें यूरोपांतील विद्वानांस जें साधलें नाहीं तें साधून दाखविलें.

पण किटासाटो येथें थांबले नाहींत. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, हा जंतु जखमेच्या जागींच राहतो. रक्तांत किंवा मेंदूंत तो शोधूनहि सांपडत नाहीं. मग पायाच्या बोटास झालेल्या जखमेनें जबडा कसा बसतो? याचें उत्तर एकच होतें. जंतु जागेवर बसून विष तयार करितो आणि तें विष सर्व शरीरांत पसरून मज्जातंतूंवर आघात करितें. जीवसृष्टींत आढळणाऱ्या विषांमध्यें इतकें जालीम विष क्वचित्‌च असेल.

त्या प्रयोगशाळेंत एमिल बेरिंग नांवाचे जर्मन डॉक्टर घटसर्पावर काम करीत होते. दोघांनीं मिळून पुढील पाऊल टाकिलें. त्यांनीं एका सशास धनुर्वातापासून सुरक्षित केलें. मग त्याच्या रक्ताचा अल्प अंश उंदरांस टोंचला. दुसऱ्या दिवशीं त्या उंदरांच्या शरीरांत धनुर्वाताचे जिवंत जंतु सोडले. ज्यांस सशाचें रक्त मिळालें नव्हतें ते उंदीर मेले. ज्यांस मिळालें होतें ते खेळत राहिले. एवढेंच नव्हे, तर सशाच्या रक्तांतील पातळ द्रव विषांत मिसळला असतां तें विषच निरुपद्रवी झालें. शरीर विषावर उतारा तयार करूं शकतें, तो उतारा रक्तांत असतो आणि तो दुसऱ्यासहि देतां येतो, ही तीन महान् सत्यें १८९० सालच्या डिसेंबर महिन्यांत दोघांनीं मिळून जगापुढें मांडलीं. आज ज्यास रोगप्रतिकारशास्त्र म्हणतात, त्याच्या आधारस्तंभांपैकीं हा एक होय. १९०१ सालीं वैद्यकाचें पहिलें नोबेल पारितोषिक बेरिंग यांस एकट्यांस, घटसर्पावरील कार्याबद्दल देण्यांत आलें. पारितोषिकाच्या यादींत किटासाटो यांचें नांव नाहीं. परंतु त्या निबंधावर दोघांचींहि नांवें आहेत आणि तीं कोणास पुसतां येणार नाहींत.

याच काळांत त्यांच्यावर एक नैतिक कसोटीचा प्रसंग आला. जपानांत त्या वेळीं बेरीबेरी या रोगानें हजारों माणसें दगावत. टोकियोच्या एका विद्वान् प्राध्यापकांनीं या रोगाचा जंतु सांपडल्याचें जाहीर केलें होतें. त्यांचें नांव ओगाटा. जंतुशास्त्राचे पहिले धडे त्यांनींच किटासाटो यांस दिले होते आणि जर्मनीस जातांना त्यांस साह्यहि केलें होतें. किटासाटो यांनीं तो शोध तपासला आणि त्यांस तो सदोष वाटला. आतां गप्प बसावें कीं बोलावें? त्यांनीं आपलें मत स्पष्टपणें छापून प्रसिद्ध केलें. स्वदेशांत एकच गहजब झाला. ज्यानें शिकविलें त्याच्यावरच हा उलटला, हा कृतघ्न आहे, असा ठपका त्यांच्यावर आला. पुढें काळानें निर्णय दिला. बेरीबेरी हा जंतूचा रोग नसून आहारांतील एका जीवनसत्त्वाच्या अभावामुळें होतो, असें सिद्ध झालें. आमच्या मतें गुरूचा आदर आणि सत्याचा आदर यांत खरा विरोध नाहीं. ज्या शिक्षकाची चूक शिष्य नम्रपणें दाखवितो, त्या शिक्षकानें तें आपलें भाग्यच समजावें.

परंतु त्या सत्यनिष्ठेची किंमत त्यांस द्यावी लागली. १८९२ सालीं, परदेशांतून आलेलीं बोलावणीं नाकारून ते मायदेशीं परतले, तेव्हां जगप्रसिद्ध झालेल्या या पुरुषास टोकियोच्या विद्यापीठांत जागा मिळाली नाहीं. अशा वेळीं फुकुझावा युकिची हे थोर शिक्षणप्रसारक त्यांच्या साह्यास धांवले. त्यांनीं आपली जागा व पैसा देऊन टोकियो येथील शिबा उद्यानाजवळ एक लहानशी इमारत उभी केली. तींत सांसर्गिक रोगांच्या अभ्यासाची संस्था सुरू झाली. कांहीं काळानें संस्था दुसऱ्या जागीं नेण्याचें ठरलें, तेव्हां शेजारच्या लोकांनीं रोगाच्या भीतीनें मोठा विरोध केला. तरी काम बंद पडलें नाहीं. घटसर्प व धनुर्वात यांवरील रक्तद्रव तेथें तयार होऊं लागले आणि मरणाच्या दारांतील मुलें परत येऊं लागलीं.

१८९४ सालीं हाँगकाँग येथें प्लेगनें थैमान घातलें. जपान सरकारनें किटासाटो यांस तिकडे धाडलें. जून महिन्यांत तेथें पोहोंचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनीं प्लेगचा जंतु पाहिला. त्याच वेळीं येर्सिन नांवाचे शास्त्रज्ञहि तेथें स्वतंत्रपणें शोध करीत होते. त्यांचें वर्णन अधिक अचूक ठरलें आणि आज तो जंतु त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. या मोहिमेंत किटासाटो यांचे दोन सहकारी स्वतः प्लेगनें आजारी पडले; सुदैवानें ते वांचले.

येथें आपल्या मुंबईचा संबंध येतो. १८९६ सालीं हाच प्लेग मुंबईंत आला. डॉ. हाफकिन यांनीं तेथें प्लेगची लस तयार केली आणि १८९७ सालच्या जानेवारींत ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. परळ येथील ज्या प्रयोगशाळेंत त्यांचें कार्य चाललें, तिला १९२५ सालीं त्यांचेंच नांव देण्यांत आलें. परंतु १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एक दुःखद घटना घडली. प्लेगची लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मरण पावलीं. दोष हाफकिन यांच्यावर आला व त्यांस पद सोडावें लागलें. पुढें असें निष्पन्न झालें कीं, ती बाटली गांवांत उघडतांना एक चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करितां वापरण्यांत आला होता. हाफकिन निर्दोष ठरले. पण तोंपर्यंत कित्येक वर्षें गेलीं होतीं. जमिनीच्या धुळींत धनुर्वाताचें बीज कसें दबा धरून असतें आणि किटासाटो यांनीं शिकविलेली स्वच्छता क्षणभर सुटली तर काय होतें, याचा हा दारुण धडा होय.

किटासाटो यांचा स्वभाव तापट होता. आळस व निष्काळजीपणा त्यांस खपत नसे. त्यांचे शिष्य त्यांस गडगडाट या अर्थाच्या जर्मन शब्दानें संबोधीत. परंतु या गडगडाटामागून पाऊसहि तसाच येई. आमांशाचा जंतु शोधणारे शिगा व उपदंशावरील औषधाच्या शोधांत भाग घेणारे हाता हे त्यांच्याच हाताखालीं तयार झाले. १९१४ सालीं सरकारनें त्यांच्या संस्थेचा कारभार त्यांस न विचारतां दुसऱ्या खात्याकडे सोंपविला. किटासाटो यांनीं तत्काळ राजीनामा दिला. त्यांचें वय तेव्हां ६१ वर्षांचें होतें. त्यांचे सहकारीहि त्यांच्या मागोमाग बाहेर पडले. ज्याच्यावर शिष्यांचें प्रेम नाहीं, त्याच्यासाठीं कोणी पोटावर पाणी सोडीत नाहीं. त्याच वर्षीं त्यांनीं स्वतःचा पैसा घालून नवी संस्था काढली. ती आजहि त्यांच्या नांवानें चालू आहे.

कृतघ्नतेचा आरोप ज्यांच्यावर आला होता, त्यांच्या कृतज्ञतेच्या दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. १९०८ सालीं वृद्ध कॉख जपानास आले, तेव्हां किटासाटो सर्व प्रवासांत सावलीसारखे त्यांच्यासंगें राहिले. १९१० सालीं कॉख निवर्तले, तेव्हां शिष्यानें आपल्या संस्थेच्या आवारांत गुरूचें एक लहान स्मारकमंदिर उभारलें. फुकुझावा १९०१ सालींच वारले होते. परंतु त्यांनीं स्थापिलेल्या केइओ विद्यापीठांत १९१७ सालीं वैद्यकशाखा निघाली, तेव्हां किटासाटो तिचे पहिले प्रमुख झाले आणि त्यांनीं आपल्या उपकारकर्त्याचें ऋण फेडलें. १९३१ सालच्या जून महिन्याच्या १३ व्या तारखेस, वयाच्या ७८ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. २०२४ सालीं जपाननें आपल्या हजार येनच्या नव्या नोटेवर त्यांचें चित्र छापलें. पारितोषिकाच्या यादींत न दिसलेला चेहरा आज त्या देशांतील भाजीवालीच्या हातांतहि आहे.

आतां त्यांच्या शोधाचें पुढें काय झालें, तें पालकांनीं लक्षपूर्वक वाचावें. उताऱ्याचा रक्तद्रव रक्तांत मोकळ्या फिरणाऱ्या विषास मारितो. परंतु जें विष एकदां मज्जातंतूंस चिकटलें, त्यावर त्याचा इलाज चालत नाहीं. म्हणून रोग झाल्यावर धांवण्यापेक्षां आधींच शरीरास उतारा तयार करावयास शिकविणें श्रेयस्कर. १९२० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें उष्णता व फॉर्मालिन यांच्या योगानें विषाची बाधा काढून टाकून त्याची लस करण्याची रीति निघाली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या सैनिकांस ही लस टोंचलेली होती. जखमा व इजा यांमुळें रुग्णालयांत दाखल झालेल्या सुमारें २७ लाख प्रसंगांत धनुर्वात झाला तो केवळ १२ जणांस. पंचविशींतील विद्यार्थ्यानें रोग होऊंच न देण्याचें जें ध्येय लिहून ठेविलें होतें, तें असें फळास आलें.

आपल्या देशांतहि बाळंतिणींस व नवजात अर्भकांस होणारा धनुर्वात इतका आटोक्यांत आला कीं, २०१५ सालीं त्याचें निर्मूलन झाल्याचें घोषित झालें. परंतु येथें एक भ्रम उत्पन्न होतो. देवीप्रमाणें हा रोग जगांतून नाहींसा करतां येणार नाहीं; कारण तो माणसापासून माणसास होत नाहीं, तर मातींतून येतो, आणि माती तर सदैव आपल्या पायांखालीं आहे. शेजारी शंभर जणांनीं लस घेतली, तरी न घेणाऱ्याचें रक्षण होत नाहीं. शिवाय लहानपणीं मिळालेली शक्ति हळूहळू क्षीण होते. म्हणून दहाव्या व सोळाव्या वर्षींच्या लसीनंतर मोठ्या माणसांनींहि दर दहा वर्षांनीं एक मात्रा घ्यावी, असें डॉक्टर सांगतात. ज्यांस लहानपणीं लस मिळालीच नाहीं, किंवा मिळाली कीं नाहीं हें आठवत नाहीं, त्यांनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें तीन मात्रा पूर्ण कराव्या. पहिलीनंतर सुमारें एक महिन्यानें दुसरी व त्यानंतर सहा महिन्यांनीं किंवा वर्षाच्या आंत तिसरी, असा त्यांचा क्रम असतो. माती, शेण किंवा गंज लागलेली जखम झाल्यास ती साबणानें व वाहत्या पाण्यानें धुवून त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें. जखम लहान आहे म्हणून घरीं बसूं नये. खोल व अरुंद जखम तर विशेष घातक. कारण तेथें हवा पोहोंचत नाहीं, आणि हवेस भिणाऱ्या त्या जंतूस तेंच हवें असतें.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. हा रोग एकदां होऊन गेला म्हणजे पुन्हां होणार नाहीं, असें नाहीं. रोग उत्पन्न करणाऱ्या विषाची मात्रा इतकी अल्प असते कीं, तेवढ्यानें शरीर प्रतिकार करावयास शिकतच नाहीं. म्हणून धनुर्वातांतून उठलेल्या माणसासहि लस घ्यावीच लागते.

प्रारंभीं सांगितलेले गृहस्थ आतां काठीच्या आधारावांचून चालतात. मागील महिन्यांत ते आपली दुसरी मात्रा घेण्यासाठीं गांवच्या आरोग्यकेंद्रांत आले, तेव्हां त्यांच्या मागें रांगेंत सदऱ्याची बाही वर करून आम्ही उभे होतों. आमच्या शेवटच्या लसीस पंचवीस वर्षें होऊन गेलीं होतीं. त्यांनीं मागें वळून पाहिलें व ते मंद हंसले. आम्हांसहि थोडें हंसूं आलें. विद्यार्थ्यांनो, ही पत्रिका घरीं नेल्यावर आपल्या आईस, वडिलांस, आजोबांस व आजीस एवढेंच विचारा कीं, त्यांनीं ही लस शेवटीं केव्हां घेतली होती. उत्तर आठवत नसल्यास त्यांस हाताशीं धरून दवाखान्यांत घेऊन जा. डॉ. किटासाटो यांचें चरित्र वाचल्याचें सार्थक त्यांतच आहे.